ताप उतरल्यावर

जुलै सरत आला की वसई, नालासोपारा, विरारच्या दवाखान्यांबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो: प्लेटलेट्स किती? शेजारीण तेच विचारते, ऑफिसातला सहकारी फोनवर तेच विचारतो, गावाकडची आत्याही तेच विचारते. डेंग्यूने आपल्या सगळ्यांना रक्ताच्या रिपोर्टातली ही एक ओळ वाचायला लावली आहे. आकडा लाखाच्या खाली गेला की घरात धावपळ, वर आला की जीव भांड्यात. पण काहींच्या रिपोर्टात ही ओळ ताप नसतानाही वरखाली होत असते. त्यांचे सांधे पहिल्या पावसाच्या आधीपासूनच सुजलेले असतात. अंगावर उठलेलं पुरळ डासामुळे आलं की जुन्या आजाराने डोकं वर काढलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. हे पुस्तक अशा माणसांसाठी आहे.

रोगप्रतिकारशक्ती परक्याला ओळखते आणि त्याच्यावर तुटून पडते, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. ऑटोइम्यून आजारात ती आपल्याच शरीराला परकं समजते. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सांध्यांच्या आतलं अस्तर तिच्या तावडीत सापडतं. ल्युपसमध्ये त्वचा, मूत्रपिंडं, रक्तपेशी, कधी मेंदूही. या आजारांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त असते. ल्युपसमध्ये तर दहातल्या साधारण नऊ रुग्ण स्त्रियाच असतात, आणि त्यातल्या बहुतेकींना तो ऐन तारुण्यात, नोकरी-लग्न-बाळंतपणाच्या वयात गाठतो. महाराष्ट्राच्या खेड्यांत सांध्यांचे आजार किती, याचा घरोघरी जाऊन शोध घेण्याचं काम पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवणपासून सुरू केलं. आमवाताचं प्रमाण शंभर माणसांत एकाहूनही कमी भरतं. आकडा लहान वाटतो. पण २०११च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर होती आणि त्यानंतरचे टॉवर आपण डोळ्यांनी मोजतोच आहोत. एवढ्या वस्तीत अशी काही हजार माणसं सहज असणार. रोजच्या विरार लोकलच्या गर्दीत ती आपल्या शेजारीच उभी असतात आणि वरचा दांडा धरताना मनगटात कळ येते म्हणून कोपराने आधार घेतात.

विषाणू शरीरात शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडतात, सावध होण्याचा निरोप म्हणून. ल्युपसच्या बहुतेक रुग्णांत ही प्रथिनं एरवीही वाढलेलीच असतात. म्हणजे डेंग्यू किंवा चिकुनगुनियाचा विषाणू ज्या यंत्रणेला जागं करतो, ती इथे आधीच तारवटलेली असते. दुसरीकडे, हे रुग्ण घेत असलेली औषधं तीच यंत्रणा दाबून धरत असतात. या दोन उलट्या ओढींत ताप कुठल्या वाटेने जाईल याचा एक ठोकताळा नाही. असा ताप या रुग्णांना हमखास जिवावरच बेततो असं समजून घाबरून जाऊ नये. पुष्कळजण इतरांसारखेच आठ-दहा दिवसांत उठून बसतात. धोका असतो तो ओळखण्यातल्या घोटाळ्याचा आणि औषधांच्या गोंधळाचा, आणि या दोन्हींवर ताप येण्याआधीच बरंच काही करता येतं. पुस्तकाचा मोठा भाग त्याच्यासाठी खर्ची पडला आहे, आणि ते योग्यच झालं.

पण आधी डास. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गिरीज, नंदाखाल, आगाशीकडे वाड्यांतून बावखलं, म्हणजे मातीची तळी, आहेत. पाणी साठलेलं दिसलं की डासांचा दोष त्यांच्या माथी मारायची घाई होते आणि बावखल बुजवायला निमित्त मिळतं. डेंग्यूचा एडिस डास अशा मातीच्या, माशांनी भरलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाही. त्याला हवं असतं भांड्यातलं, तुलनेने स्वच्छ, हलवाहलव न होणारं पाणी: पिंप, टाकी, कुंडीखालची बशी, वालीव-सातिवलीकडच्या गाळ्यांमागे टाकलेले टायर, नव्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी. वाडीत करवंटी नि फुटकी बादली पुरते, तिथे त्याचा पट्टेरी भाऊबंद वावरतो. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, मिठागरातली माणसं अडकून पडली, ते पाणी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. डेंग्यूचं पाणी मात्र घरातच असतं, झाकणाखाली. सूर्या धरणाचं पाणी आलं तरी अनेक सोसायट्यांची आणि चाळींची टँकरशी गाठ सुटलेली नाही. नळाला पाणी एक दिवसाआड आलं की माणूस साठवणारच. त्याला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही.

आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. सल्ला अगदी बरोबर आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं चक्र. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. पिंप घासावंच लागतं.

आता हा सल्ला आचोळ्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात नेऊन पाहू. माझ्या ओळखीच्या एक बाई तिथे राहतात, आमवात बराच जुना. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मुळापासून करंगळीच्या बाजूला झुकली आहेत. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात उघडत नाहीत. कढत पाण्यात बुडवून बसावं लागतं तेव्हा कुठे मूठ वळते. पाणी येतं पहाटे. मोरीत निळं प्लास्टिकचं पिंप, दोनशे लिटरचं. रिकामं पिंपसुद्धा कलतं करून आत वाकून काथ्याने घासायचं म्हणजे मनगट, कोपर, खांदा तिन्ही लागतात, आणि त्यांचे तिन्ही धरलेले. मुलगा आणि सून पावणेसातच्या गाडीला निघतात. त्यामुळे पिंप भरलं जातं, वरचं पाणी वापरलं जातं, तळाचं तसंच राहतं आणि त्यावर पुन्हा नवीन पाणी पडतं. त्यांनी एक युक्ती केली आहे. जुन्या ओढणीला इलॅस्टिक शिवून घेतलं आणि ती पिंपाच्या तोंडाला घट्ट बसवली. पाणी काढायला कापड सोडायचं नि परत चढवायचं, एवढं त्यांच्या बोटांना जमतं. एडिस दिवसा चावतो. सकाळी ऊन वर येताना आणि संध्याकाळी ते उतरताना त्याचा जोर असतो. त्या वेळी या पिंपाजवळ घरात कोण असतं, हे वेगळं सांगायला नको.

डासाचा आणि सांध्यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. चिकुनगुनिया भारतात पहिल्यांदा १९६३ साली कोलकात्यात नोंदला गेला, आणि १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याने मोठी साथ घडवली; गावातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक आजारी पडले. मग तीन दशकं तो जणू विसरला गेला. २००५-०६मध्ये परतला तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर वस्तीतल्या तिघांमागे एकाला गाठून, आणि त्याच काळात भारतात २००६ या एका वर्षात संशयित रुग्णांची संख्या तेरा लाखांच्या पलीकडे गेली. त्या वेळी मराठवाडा, सोलापूर, मालेगावकडची माणसं भिंत धरून चालताना अनेकांनी पाहिली असतील. ताप तीन-चार दिवसांत गेला, सांधे मात्र महिनोन्महिने ठणकत राहिले. डॉ. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या अशा रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. बहुतेकांचे सांधे हळूहळू मोकळे झाले, थोड्यांचे झाले नाहीत. रियुनियनच्या डॉक्टरांनी तर चिकुनगुनियानंतर ज्यांना आमवात जडला अशा एकवीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२४च्या पावसाळ्यात नागपूर-पुण्यात पुन्हा मोठी लाट आली.

घोटाळा इथे सुरू होतो. चिकुनगुनियानंतरचा संधिवात दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सारखाच धरतो, सकाळी आखडतो, सूज आणतो. आमवात हुबेहूब हेच करतो. आमवाताची वर्गवारी करताना लक्षणं सहा आठवडे टिकली का हे पाहतात; चिकुनगुनियाची लक्षणं तेवढी आरामात टिकतात. त्यामुळे एखाद्याला, दम धरला असता तर गरजच पडली नसती असं, वर्षानुवर्षांचं औषध सुरू होतं. उलटही होतं. ‘चिकुनगुनियाचंच आहे, जाईल हळूहळू’ म्हणत खऱ्या आमवाताची पहिली वर्षं वाया जातात, आणि सांध्याचं हाड झिजायला लागतं ते याच वर्षांत. ज्याला आधीपासूनच आमवात आहे त्याची अडचण आणखी वेगळी. गुडघे सुजले, ताप आला: हा जुन्या आजाराचा भडका की डासाचा? पहिल्यात औषध वाढवायचं असतं, दुसऱ्यात कदाचित काही दिवस थांबवायचं.

ल्युपस आणि डेंग्यू यांची सरमिसळ मला याहूनही जास्त काळजीची वाटते. ताप, पुरळ, सांधेदुखी, थकवा, केस गळणं, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी: ही यादी दोघांचीही आहे. ल्युपस भडकतो तेव्हा रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं खाली येतात, पण तीव्र डेंग्यूतही ती खाली येतात. फरक शोधायचा तो इतर खुणांत. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ चाचणी होकारार्थी आली किंवा रक्त घट्ट होत चाललं, म्हणजे हिमॅटोक्रिट चढत गेलं, तर पारडं डेंग्यूकडे झुकतं. लघवीत प्रथिनं आणि रक्त दिसलं, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली आढळली, तर ल्युपसकडे. शिवाय डेंग्यूच्या प्लेटलेट्स आठवड्याभरात आपसूक चढतात. कधी दोन्ही एकत्रही असतात, हे डॉक्टरांनीही ध्यानात ठेवायला हवं. आणखी एक बारीक मुद्दा: रिटुक्सिमॅबसारखं औषध प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशीच कमी करतं. अशा रुग्णाची प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. तिथे एनएस-१ किंवा पीसीआरच बघावी लागते. ल्युपसने मूत्रपिंडं कमजोर झाली असतील तर सलाइनचाही हिशेब बदलतो. डेंग्यूत द्रव पुरेसं जायला हवं, आणि या रुग्णाच्या फुप्फुसात ते साचायला वेळ लागत नाही. रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून जे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात, त्यांच्या प्लेटलेट्स उतरू लागल्या की दर दिवशी नवा निर्णय घ्यावा लागतो.

डेंग्यूत सगळ्यात सांभाळायचे दिवस ताप उतरताना येतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत. पोटात असह्य दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, अचानक अस्वस्थपणा किंवा ग्लानी दिसली की रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठायचं. पण ज्यांनी वर्षानुवर्षं थकवा अंगावर काढला आहे, ते ही ग्लानीही अंगावरच काढतात. ‘माझं नेहमीचंच आहे’ हे वाक्य अशा दिवसांत फार घातक ठरतं. आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत तापच मुळी दबलेला असतो, त्यामुळे तो उतरला कधी हे कळतही नाही.

आता औषधांची पिशवी. प्रत्येक जुन्या रुग्णाकडे ती असते, बहुधा केमिस्टच्या दुकानाची पातळ प्लास्टिकची, आत अर्ध्या कापलेल्या पट्ट्या. त्यातल्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, डेंग्यूची शंका असेपर्यंत बाजूला ठेवायच्या, कारण त्या रक्तस्राव वाढवतात. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही मोजून. (ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच काय ते.) मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. ते पेशी कमी करतं आणि यकृतावर ताण आणतं, म्हणून तीव्र तापात तो डोस बहुतेकदा पुढे ढकलायला सांगतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही, कधीच नाही. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालेल्या शरीराची स्वतःचं कॉर्टिसॉल बनवण्याची सवय मोडलेली असते. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळतो, आणि डेंग्यूच्या पाचव्या दिवशी कोसळलेला रक्तदाब पाहून कुणालाही डेंग्यूचा शॉकच वाटेल. गोळी नेमकी तापातच बंद पडते. उलट्या होत असतात, किंवा कुणीतरी सांगितलेलं असतं की ‘तापात जड औषधं घेऊ नका’.

यात गुंता वाढतो तो अंतरामुळे. तापाचे डॉक्टर कोपऱ्यावर आहेत, संधिवाताचे डॉक्टर बहुतेकांसाठी मुंबईत. त्यांची तारीख तीन महिन्यांनी एकदा. तापाच्या डॉक्टरांना पिशवीतली अर्धी नावं अनोळखी असतात, संधिवाताच्या डॉक्टरांना ताप आल्याचं कळतं ते तो जाऊन महिना झाल्यावर. दोघंही आपापल्या जागी मनापासून काम करत असतात. मधली जागा रुग्णालाच भरून काढावी लागते. म्हणून पुढच्या पानांत जोडलेला कोरा तक्ता मला या पुस्तकाचा सगळ्यात उपयोगी भाग वाटतो. आजाराचं नाव, चालू औषधं आणि डोस, निरोगी दिवसांतल्या प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशींचा आकडा, ताप आला तर कोणती गोळी थांबवायची नि कोणती नाही, संधिवाताच्या डॉक्टरांचा फोन. मे महिन्यातल्या भेटीत त्यांच्याकडूनच तो भरून घ्या. नेहमीच्या प्लेटलेट्स दीड लाख असलेल्याला एक लाख म्हणजे काय आणि नेहमी नव्वद हजारांवर वावरणाऱ्याला काय, हे त्या एका आकड्यावाचून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना कळणार कसं?

‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या काढ्यांविषयी थोडं परखड बोलायला हवं. पावसाळा आला की पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा, नाना चूर्णं घरोघर फिरू लागतात. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण या माणसांचं दुखणंच मुळी प्रतिकारशक्ती भरकटल्याचं आहे. ती चेतवणं म्हणजे दुखण्याला बळ देणं. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताला ऑटोइम्यून धर्तीची इजा झाली होती, आणि त्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून आजार होता. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी चालवावा. ल्युपस असलेल्या मुलीला मात्र तिच्या मावशीने, काकूने काढा देण्याआधी तिच्या डॉक्टरांना एक फोन करावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

लस येईल, मग प्रश्न सुटेल, ही आशाही या रुग्णांनी जपून धरावी. डेंग्यूच्या भारतीय लशीची, पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआर यांची, तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४मध्ये सुरू झाली, ही मोठी चांगली बातमी. पण ती जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना अशा लशी सहसा देत नाहीत. म्हणजे इतरांनी लस घेतली तर त्याची सावली यांच्यावर पडेल, पण यांचं स्वतःचं संरक्षण पिंपाच्या झाकणाशी आणि पूर्ण बाह्यांच्या कपड्यांशीच बांधलेलं राहील.

याच एडिस डासाने पसरणाऱ्या झिकाचं प्रकरण या पुस्तकात लहान आहे, तरी वगळू नका. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला, एक पन्नाशीची स्त्री, आणि तिला चिकुनगुनियाही झालेला होता. २०२४मध्ये पुणे शहरात शंभराच्या आसपास रुग्ण निघाले. झिकानंतर काहींना गिया-बारे सिंड्रोम होतो, त्यात प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४च्या साथीत हे ठळकपणे दिसलं. तैवानच्या संशोधकांनी २०१८मध्ये डेंग्यू होऊन गेलेल्यांच्या नोंदी तपासल्या, त्यांच्यात पुढे ऑटोइम्यून आजारांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. म्हणजे हा विषय आज सांधे धरलेल्यांपुरताच मर्यादित नाही.

शेवटी एक मागणी, आणि ती वसई-विरारच्या आरोग्य यंत्रणेकडे. तिशीवरच्या माणसांची पाहणी करताना आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात हाताने वस्तू धरायला त्रास होतो का, असा प्रश्न आधीच आहे. तो मुख्यतः कुष्ठरोगाच्या शोधासाठी ठेवलेला आहे. आमवाताची बाई त्याला ‘हो’ म्हणते, कुष्ठरोग नाही असं ठरतं आणि तिचा ‘हो’ तिथेच राहतो. त्या ‘हो’च्या पुढे घरात साठवणीचं पिंप आहे का आणि ते घासायला घरात दुसरं कुणी आहे का, हे दोन प्रश्न जोडता येतील. त्यातून निघणाऱ्या घरांची यादी वॉर्डातल्या मलेरिया विभागाच्या हाती द्यावी. डासोत्पत्ती शोधणारे कर्मचारी पावसाळ्यात गल्लोगल्ली फिरतातच. त्यांनी पिंपात बॅटरी मारून ‘घासून घ्या’ एवढं सांगून पुढे जाण्याऐवजी या यादीतल्या घरी स्वतः पिंप कलतं करून घासून द्यावं, आठवड्यातून एकदा, जून ते नोव्हेंबर.